दारूला परमिट, दारू सोडवणाऱ्याला काय?

(पनवेलला झालेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केली.)

दोस्तांनो, आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या मावश्यांनो,

मला विषय दिलाय : व्यसनमुक्तीचा लायसनवाला समुपदेशक कसं व्हायचं. आता पहिलीच पंचाईत सांगतो. असलं लायसन आपल्या देशात आज मिळतच नाही. डॉक्टरला नोंदणी आहे, नर्सला आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आहे. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाला वेगळं लायसन नाही. म्हणजे भाषण इथंच संपवून चहा प्यायला जायला हरकत नव्हती. पण जे नाही त्याच्याबद्दलच बोलावं लागतंय, कारण ते येऊ घातलंय. आणि येईल तेव्हा दारात कोण उभं असणार आणि दाराबाहेर कोण, हा सवाल आपला आहे.

दारूच्या धंद्यात बघा कसं सगळं परवान्यावर चालतं! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्या कायद्यानं दारू प्यायला परमिट लागतं. कशासाठी म्हणून मिळतं हे परमिट? तर आरोग्य राखण्यासाठी. हसू नका, कागदावर तसंच आहे. पंचवीस वर्षांचं वय लागतं, बिअरला एकवीस. देशीच्या दुकानाला सीएल-३, वाईन शॉपला एफएल-२, परमिट रूमला एफएल-३. प्रत्येक बाटलीमागं सरकारचा हिशोब चोख. उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींच्या वर पडतात. २०२५ च्या जूनमध्ये सरकारनं विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्याच दमात 'महाराष्ट्र मेड लिकर' म्हणून दारूची एक नवी जात काढली. जाती काढण्यात आपला देश तसाही हुशार.

आणि ज्या माणसानं समोर बसून त्या पिणाऱ्याला बाटलीपासून सोडवायचं, त्याला कुणी काही विचारत नाही. उद्या कामोठ्यात एक गाळा भाड्यानं घ्या, बाहेर 'समुपदेशक' म्हणून पाटी लावा. कोण विचारणार? खाटा टाकून माणसं ठेवायची असली तर मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते, कारण त्या कायद्यानं दारूच्या आणि ड्रगच्या व्यसनातून येणारा त्रास मानसिक आजारात धरलाय. माणसाला साखळीनं बांधायला त्याच कायद्यानं बंदी केलीय. तरी देशभरातून बातम्या येतच राहतात : व्यसनमुक्ती केंद्रात मारहाण, कोंडून ठेवलं, पोरगा मेला. अशा ठिकाणी कुणाची पोरं जास्त सापडतात ते मी सांगायला नको. ज्याच्या बापाकडं पैसा आहे तो लोणावळ्याकडं बाग-बंगल्याच्या केंद्रात जातो. आपल्याला स्वस्तातलं केंद्र मिळतं, आणि स्वस्तातला इलाज म्हणजे पट्टा.

म्हणून लायसन नको, असं मी म्हणणार नाही. लायसन पाहिजे. भांडण वेगळं आहे.

२०२१ साली संसदेनं एक कायदा केला, डॉक्टर-नर्स सोडून आरोग्याची कामं करणाऱ्या बाकीच्यांसाठी. राष्ट्रीय आयोग, राज्यात परिषद, नोंदवही, सगळं त्यात आहे. त्याच्या यादीत वर्तन-आरोग्याचे समुपदेशक आहेत, एचआयव्हीचे समुपदेशक आहेत, वैद्यकीय समाजसेवक आहेत. आज ना उद्या आपल्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागणार. आणि कायद्यात शिक्षणाचे तास लिहिलेत. एका वर्गाला किमान २००० तासांची पदविका किंवा पदवी, वरच्या वर्गाला किमान ३६०० तासांची पदवी. पदवी, फी, इंग्रजी पुस्तकं, मुंबईला रोजचं जाणं-येणं. कळलं ना, दार कुठं बांधलं जातंय?

आता हे काम आलं कुठून ते ऐका, कारण ते ऐकल्यावर दाराची मौज कळते. हे काम काही विद्यापीठातून आलेलं नाही. ते बेवड्यांनी काढलेलं आहे! १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात शेअरबाजारातला एक बुडालेला दारुडा आणि दारूपायी हात थरथरणारा एक सर्जन समोरासमोर बसले. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ. एकानं दुसऱ्याला उपदेश नाही केला, आपली हकीकत सांगितली. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस निघालं, ज्याला आपण ए. ए. म्हणतो. पुढं मिनेसोटा राज्यात विल्मारच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांना दिसलं, की आपलं न ऐकणारा पेशंट दारू सोडलेल्या माणसाचं ऐकतो. तेव्हा १९५४ साली तिथल्या सरकारनं नोकरीची जागाच काढली : दारूविषयक समुपदेशक. डिग्रीची अट नाही. दारू सोडून काही वर्षं झालेला माणूस पाहिजे. म्हणजे या व्यवसायाची पहिली सरकारी खुर्ची पिऊन बाहेर आलेल्याला मिळाली. नंतर तिथंही राज्याराज्यांच्या परीक्षा आल्या, हजारो तासांची देखरेखीखालची कामं आली, लायसन आलं, आणि बऱ्याच ठिकाणी वरच्या पायरीला मास्टर्सची डिग्री आली. ज्यांनी घर बांधलं त्यांनाच भाडेकरूचा फॉर्म भरायला लावला.

आपल्याकडं बघा. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट या नवरा-बायकोनं ते काढलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैशाचं बळ दिलं. त्या वेळी मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत गर्द आलं होतं, ब्राऊन शुगर. अवचटांनी त्यावर लिहिलं, अनिताबाई मनोविकारतज्ज्ञ होत्या, त्यांनी पेशंट हातात घेतले. मला त्या कामातलं सगळ्यात मोठं काय वाटतं? तिथं बरा झालेला पेशंट कार्यकर्ता झाला. वॉर्डात जो काल खाटेवर थरथरत होता तोच पुढं दुसऱ्याच्या खाटेशी बसला. बायकांसाठी त्यांनी 'सहचरी' गट काढला, कारण नवरा पितो तेव्हा घर सगळंच आजारी पडतं. ही माणसं आपल्या जातीची नव्हती, म्हणून त्यांचं काम लहान होत नाही. पण त्यांनी घालून दिलेली रीत आपण आपल्या वस्तीत किती उचलली, हे कुणी विचारलं तर मान खाली जाते.

आता गोव्याची गोष्ट. ही नीट ऐका, उद्या कुठल्याही सायबापुढं टेबलावर टाकायची आहे. गोव्यात 'संगत' नावाची संस्था आहे. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. धोक्याचं पिणारे ३७७ पुरुष घेतले, दहा केंद्रांतले. निम्म्यांना डॉक्टरचा नेहमीचा इलाज, जरा सुधारून. निम्म्यांना त्याच्या जोडीला समुपदेशन, एक ते चार बैठका. बैठका घेणारे कोण? मनोविकाराचं कसलंही शिक्षण आधी न घेतलेली, गावातली साधी शिकलेली माणसं. त्यांना तयार केलं, आणि पुढं ती आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि मार्क द्यायची. तीन महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना समुपदेशन मिळालं त्यांच्यातले शंभरात ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नुसता इलाज मिळालेल्यांत २६. वर्षानं पाहिलं तर ५४ आणि ३२. तीन महिन्यांचे आकडे 'लॅन्सेट'मध्ये छापलेत, लंडनच्या. मेरिट मेरिट म्हणून जे घसा कोरडा करतात त्यांना हे दाखवा.

पण दोस्तांनो, यातून उलटा अर्थ काढू नका, की आपण वस्तीत वाढलो, बाप पिताना पाहिला, म्हणजे आपण झालोच समुपदेशक. गोव्यातली ती माणसं शिकली होती. ती दर आठवड्याला तपासली जात होती. इथं मला आपल्या पोरांवर थोडं रागवायचंय. सहा महिने दारू सोडली की गळ्यात निळा रुमाल टाकून भाषण ठोकायला उभे. अरे, पहिलं वर्ष स्वतःला सांभाळ. जुने कार्यकर्ते दोन-दोन वर्षं थांबायला सांगतात ते काय वेड लागलंय म्हणून?

शिकायचं म्हणजे काय शिकायचं? एक उदाहरण देतो. रोज पिणारा माणूस एकदम बंद करतो. कुणी शपथ घातली असेल, खिशात पैसे संपले असतील, पोलिसांनी उचललं असेल. पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला भाऊ दाराशी दिसतो, घाम, ताप, थरथर, रात्रभर बडबड. वस्ती काय म्हणते? बाहेरचं लागलं. लिंबू-नारळ घेऊन भगताकडं. आणि तिथं धुपात बसवलेला माणूस मरू शकतो. हा भुताचा खेळ नाही, दारू उतरतानाचा आजार आहे. त्याला उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं, डॉक्टरला शेवटची दारू कधी प्यायला ते तासात सांगायचं. हे ज्याला माहीत नाही त्यानं कुणाला 'आजपासून बंद' म्हणू नये.

दुसरं. वहिनी येतात, पदराखाली पुडी. 'भाऊ, ही पावडर डाळीत घालू का, त्यांना कळणार नाही.' लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडच्या मुतारीवर जाहिरात असतेच : नकळत दारू सोडवा. त्यात नेमकं काय असतं ते विकणाराच जाणे. डायसल्फिराम म्हणून खरी गोळी आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याची तयारी बघून. ती पोटात असताना दारू गेली तर तोंड लाल होतं, उलट्या, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, एखादा जातोही. नवऱ्याला न सांगता घातली तर बाई खुनाच्या गुन्ह्यात बसायची. अशा वेळी तिला 'नाही' म्हणायचं आणि तरी ती दारातून रिकाम्या हातानं जाऊ नये हे बघायचं, हे शिकावं लागतं. घरी बसून येत नाही.

तिसरं म्हणजे कायदा. गर्द, गांजा, आणि आता कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपासून कॉलेजच्या गेटापर्यंत पोचलेली एमडी, हे सगळं १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात येतं. एमडी २०१५ साली त्यात घातली. त्याच कायद्यात ६४-अ कलम आहे. स्वतः ओढणारा, घेणारा माणूस थोडक्या मालासह पकडला आणि स्वखुशीनं इलाज घ्यायला तयार असला, तर त्याच्यावरच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. नटाच्या पोराच्या वकिलाला असली कलमं तोंडपाठ असतात. आपल्या पोराच्या आईला कुणी सांगितलंय का? पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ती पायावर डोकं ठेवते. समुपदेशकाच्या खिशात हे कलम पाहिजे.

आता खोलीतल्या जातीबद्दल बोलतो. मी एका केंद्रात काम केलं, नाव घेत नाही. तिथं ठेक्यावरचा एक सफाई कामगार आला. समोरच्या बाई शिकलेल्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी त्याचा पत्ता वाचला, आडनाव वाचलं आणि म्हणाल्या, 'तुमच्यात हे लहानपणापासून चालतंच ना?' तो 'हो बाई' म्हणाला. पुढं पंधरा मिनिटं प्रत्येक प्रश्नाला 'हो बाई'. संपलं समुपदेशन! तो आपल्यापुढं बोलला तो चहाच्या टपरीवर. गटारात उतरायच्या आधी नव्वद टाकल्याशिवाय नाक आणि पोट आत जाऊ देत नाही, आणि बाहेर आल्यावर घरच्यांसमोर जेवायला बसायचं तर आणखी नव्वद. २०१३ चा कायदा माणसाला कसल्याही साधनाशिवाय गटारात उतरवायला बंदी करतो. ठेकेदार उतरवतोच. या माणसाला इच्छाशक्तीवर प्रवचन देऊन काय होणार? त्याच्याशी दारूबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या कामाबद्दल, ठेक्याबद्दल, बुटांबद्दल, साबणाबद्दल बोलायचं. ज्यानं तो वास घरात घेतलाय त्याला हे चटकन कळतं. म्हणून खुर्चीत आपली माणसं पाहिजेत म्हणतो मी.

आणि आपली माणसं खुर्चीत बसली की नव्या अडचणी. दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याच्या भिंतीआड, गुपित ठेवायचं कसं? समोर बसलेला तुझा सख्खा मामा. त्याची बायको तुझ्या आईची मैत्रीण. तो सांगतो ते तू घरी जेवताना चुकून जरी बोललास तर वस्तीतला एक माणूस पुन्हा तुझ्याकडं येणार नाही. मी वस्तीत कुणाला घरी बसवून घेतच नाही. आम्ही चालतो. जुन्या पनवेलातून स्टेशनापर्यंत, पुलावरून, परत. गाड्यांच्या आवाजात माणूस मोकळा बोलतो. नातेवाईक असला तर दुसऱ्या सोबत्याकडं पाठवतो. मामाला राग येतो, आला तर येऊ दे.

गंमत सांगतो. मी पहिल्या पगाराची बातमी आईला दिली, म्हटलं आई, मी काउन्सेलर झालो. तिनं गल्लीत सांगितलं पोरगा कौन्सिलर झाला. पनवेलची तेव्हा नुकतीच महानगरपालिका झालेली, २०१६ ची गोष्ट. दोन दिवस लोक नळाची तक्रार घेऊन येत होते.

हां, तर कसं व्हायचं. दहावी-बारावीवर अडलेल्यांनी आधी पदवीचं बघा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करत बी. ए. होतं. ज्यांना नियमित कॉलेज जमतं त्यांनी समाजकार्य किंवा मानसशास्त्र घ्या, पुढं एमएसडब्ल्यू. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तहसीलला रांग बघवत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्था या कामाचं प्रशिक्षण देते. कोलंबो प्लॅनची आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे, तिचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते सरकारी लायसन नव्हे, हे ध्यानात ठेवा. 'आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, पंधरा दिवसांत' म्हणून जो पैसे मागेल त्याला हाकला.

आणि जे पिऊन बाहेर आलेत, ज्यांची शाळा सुटली, त्यांचं काय? सरकारी अनुदानाच्या केंद्रांत 'पीअर एज्युकेटर' म्हणून त्यांना जागा असते. म्हणजे सरकारला त्यांचा उपयोग कळलाय. पण पायरी खालची, मानधन कमी. वस्तीत फिरून पेशंट आणायचा ह्यानं, फायलीवर सही दुसऱ्याची. आपली मागणी इथं आहे. नोंदवही उघडेल तेव्हा अनुभवाचे तास, देखरेखीखालचं काम, हे शिक्षणाच्या तासांत धरा. परीक्षा मराठीत घ्या. फी माफ करा. परीक्षा सोपी करा असं आपण म्हणत नाही. गोव्यात ती माणसं परीक्षेत उतरलीत.

हे कुणासाठी? २०१९ साली दिल्लीच्या 'एम्स'नं केलेलं देशाचं सर्वेक्षण आलं. दारूच्या व्यसनात अडकलेल्या अडतीस माणसांत एकाला कसला तरी इलाज मिळाला. अडतीसात एक! तुमच्या चाळीतले मोजा. बाकीच्या सदतीसांकडं आज जातं कोण, तर भगत, गुत्तेवाला, पोलीस. २०१५ साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलची दारू पिऊन शंभराहून जास्त गेले. तेव्हा मंत्री आले, चेक आले. त्याआधीच्या वर्षांत त्या गल्लीत कुणी समुपदेशक गेला होता का?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, पंचशीलात पाचवं शील तेच, मग समुपदेशक कशाला? खरंय, प्रतिज्ञा आहे. पण जो मोडून बसलाय आणि लाजेनं विहारात येत नाही, त्याच्याकडं जायला कुणीतरी पाहिजे. त्याला चारचौघांत प्रतिज्ञेची आठवण करून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यामुळंच तो मागच्या गल्लीनं जातो.

बरं, वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. पुढच्या रविवारी सकाळी दहाला याच हॉलमध्ये फॉर्म भरायला बसतोय. येताना दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो आणा. ज्यांच्याकडं मार्कशीट नाही त्यांनीही या, शाळेतून दुसरी प्रत काढायचा अर्ज मी लिहून देतो. मावश्यांनो, तुमच्यापैकी कुणी बारावी झालेल्या असाल तर तुम्ही पहिल्या या. बायका बायकांशीच बोलतात, आणि आमच्याकडं बाई समुपदेशक एकच आहे, ती बिचारी कळंबोली ते तळोजा एकटी पळतेय.